बॉनेटखालचे झडणारे अस्तर : ठेवावे, बदलावे की काढून टाकावे?

एप्रिल-मे महिन्यांत महामार्गावर एखाद्या गाडीने पेट घेतल्याची बातमी आली की अनेकजण घरी येऊन आपल्या गाडीचे बॉनेट उघडून पाहतात. इंजिनातले फारसे काही कळत नसले तरी वर नजर गेली की एक गोष्ट लगेच दिसते. पत्र्याला आतून लावलेले काळे, गादीसारखे अस्तर कुठे फाटलेले, कुठे लोंबणारे, कुठे तेलाने डागाळलेले असते. मग प्रश्न सुरू होतात. हे पेट घेईल का? की आगीपासून वाचवण्यासाठीच ते लावलेले असते? मेकॅनिक म्हणतो, ओढून काढून टाका. ॲक्सेसरीच्या दुकानातला माणूस म्हणतो, चंदेरी शीट लावून देतो. ज्याला गाडी वापरायची असते तो मात्र या दोघांच्या मध्ये अडकतो.

मीही तसाच अडकलो होतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या १२ वर्षांच्या डिझेल गाडीचे बॉनेट उघडले, तर बॅटरीच्या झाकणावर काळी भुकटी साचलेली दिसली. काजळी असेल म्हणून बोटाने पुसली, तर ती रव्यासारखी दाणेदार लागली आणि चिमटीत चोळताच चिकट झाली. वर पाहिले तेव्हा अस्तराचे कापड मधोमध सुटून झोळीसारखे खाली आले होते आणि त्या झोळीत झडलेल्या फोमचा ओंजळभर चुरा साठला होता. गाडीचे सर्व्हिसिंग तीनच महिन्यांपूर्वी झाले होते आणि कामाच्या यादीत याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. तेव्हापासून या दुर्लक्षित वस्तूविषयी जे समजून घेतले, ते येथे क्रमाने मांडतो.

हे अस्तर नेमके कशाचे असते

कोणी त्याला बॉनेट लायनर म्हणतो, कोणी बॉनेट इन्सुलेशन. सुट्या भागांच्या यादीत ते बहुधा ‘हूड इन्सुलेटर’ या नावाने सापडते. त्याचा गाभा साधारणपणे तीनांपैकी एका प्रकारचा असतो. पहिला प्रकार काचतंतूंचा, म्हणजे काचेच्या अतिशय बारीक धाग्यांच्या कापसाचा. दुसरा टाकाऊ कापडाचे धागे पिंजून, त्यांत राळेसारखा चिकट पदार्थ मिसळून दाबून केलेल्या नमद्याचा. तिसरा पॉलियुरेथेन फोमचा, म्हणजे गादी-सोफ्यात असतो त्याच जातीच्या स्पंजाचा. या गाभ्यावर खालच्या बाजूने काळे, न विणलेले पॉलिएस्टरचे कापड दाबून बसवलेले असते. काही गाड्यांत त्याऐवजी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. संपूर्ण तुकडा प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी, म्हणजेच क्लिपांनी, बॉनेटच्या पत्र्याला अडकवलेला असतो.

आपल्या गाडीत यांपैकी कोणता प्रकार आहे हे आधी ओळखावे, कारण पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. फाटलेल्या कडेतून पिवळसर, चमकणारे बारीक धागे दिसले तर काचतंतू. गोधडीच्या आतल्या चिंध्यांसारखा करडा पिंजलेला थर दिसला तर नमदा. आणि बोट दाबताच खळगा पडून भुकटी सुटली तर फोम.

उष्णता ते कसे अडवते

चालू इंजिनात फिरणारे पाणी साधारण ९० अंश सेल्सियसच्या आसपास असते, परंतु जळालेला वायू बाहेर नेणारी नळी, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, कितीतरी अधिक, म्हणजे कित्येक शे अंशांपर्यंत तापते. गाडी धावत असताना समोरून येणारा वारा ही उष्णता वाहून नेतो. गाडी थांबवून किल्ली फिरवली की तो वारा बंद होतो, पाणी फिरवणारा पंपही थांबतो, आणि इंजिनाच्या लोखंडात साठलेली धग वर चढू लागते. विस्तव ओढून घेतल्यावरही तवा बराच वेळ तापलेलाच राहतो. त्याच क्षणी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली तर खोली उलट अधिकच तापते, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच गाडी उभी केल्यानंतरच्या काही मिनिटांत बॉनेट हाताला जास्त गरम लागते, आणि अस्तराची खरी परीक्षा त्याच मिनिटांत होते.

ते उष्णता अडवते ती स्वतःच्या बळावर नव्हे, तर पोटात धरून ठेवलेल्या हवेच्या बळावर. स्थिर हवा उष्णता वाहून नेण्यात पोलादापेक्षा सुमारे दोन हजार पट मंद असते. गोधडीची ऊबही अशीच येते. तिच्या थरांमधली अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. ॲल्युमिनियमचा थर वेगळे काम करतो : तापलेल्या भागातून किरणांच्या रूपाने येणारी उष्णता तो बहुतांशी परतवतो, मात्र त्यासाठी तो स्वच्छ असावा लागतो आणि त्याच्यासमोर हवेची मोकळी पोकळी असावी लागते. यावरून अस्तर निकामी केव्हा होते हेही समजते. गोधडी भिजली की ऊब जाते. तसेच अस्तर तेलाने भरले, पाण्याने चिंब झाले किंवा दबून चपटे झाले की त्यातली हवा जाते आणि उरतो तो केवळ एक जड, मळका तुकडा.

आवाजाचे गणित थोडे निराळे आहे

रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि गाद्या, पडदे, कपडे आले की मऊ होतो, हे घर बदललेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सच्छिद्र पदार्थात शिरलेली ध्वनिलहर धाग्यांशी घासते आणि तिची ऊर्जा अत्यल्प उष्णतेत बदलून विरते. मात्र ती चांगली विरण्यासाठी थराची जाडी लहरीच्या लांबीच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी असावी लागते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, त्यामुळे सेकंदाला ४००० कंपनांच्या तीक्ष्ण आवाजाची लहर साडेआठ सेंटिमीटर लांब असते आणि तिला दोन सेंटिमीटरचे अस्तर पुरते. याउलट चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर उभे असताना त्याचे सेकंदाला सुमारे २७ ठोके पडतात. त्या जाड घरघरीची लहर बारा मीटरांहून लांब असते, आणि तिला थोपवणे या अस्तराच्या आवाक्यातले नाही.

म्हणून “काढून टाकले, काहीच फरक पडला नाही” असे एक जण म्हणतो आणि “इंजिन टकटक करू लागले” असे दुसरा म्हणतो, तेव्हा दोघेही खरे बोलत असतात. लहान पेट्रोल इंजिनाच्या मऊ आवाजात फरक जाणवत नाही. डिझेल इंजिनाची तीक्ष्ण टकटक मात्र नेमकी त्या पट्ट्यात येते जिथे अस्तर उपयोगी पडते. माझी गाडी मी आठ दिवस अस्तराशिवाय चालवली. आत बसून फरक थोडा वाटला, पण सोसायटीच्या फाटकात उभे राहून ऐकताना तो स्पष्ट कळला.

झडते ते नेमके कशामुळे

कपाटात चार-पाच वर्षे जपून ठेवलेले बूट लग्नासाठी बाहेर काढावेत आणि मांडवात पोहोचेपर्यंत त्यांचा तळ कुस्करून पडावा, हा अनुभव पुष्कळांना आला असेल. पॉलियुरेथेनच्या काही जातींमध्ये हवेतील दमटपणा हळूहळू शिरतो आणि पाण्याचे रेणू त्या पदार्थाच्या लांब साखळ्या मधूनमधून तोडत जातात. उष्णता असली की ही तोडफोड वेगाने होते, हवेतील ऑक्सिजनही तिला हातभार लावतो. बॉनेटखालच्या फोमचे अगदी हेच होते, आणि तिथे तर उष्णता व दमटपणा दोन्ही मुबलक असतात. प्रथम तो चिकट होतो, मग ठिसूळ, मग भुकटी. १९७० आणि १९८०च्या दशकांतील अनेक युरोपीय गाड्यांच्या बॉनेटखालचा फोम असाच गळून गेला, आणि त्या जपणाऱ्या हौशी मालकांना तो खरवडून काढणे हे ठरलेलेच काम होऊन बसले आहे. कोकणपट्टीच्या दमट हवेत उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर फोम लवकर जातो यात नवल नाही.

काचतंतू आणि नमदा असे विरघळत नाहीत. त्यांतील राळ उष्णतेने कडक होऊन धाग्यांची पकड सुटते, आणि मग वरचे कापड फाटण्यासाठी निमित्तच पुरते. ते निमित्त बहुधा दोनांपैकी एक असते. पहिले म्हणजे धुलाई केंद्रातील जोरदार पाण्याचा फवारा, जो जवळून मारला की कापड सोलून काढतो. दुसरे म्हणजे उंदीर. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते, इंजिन मात्र रात्री उशिरापर्यंत ऊबदार असते, आणि पिंजलेले अस्तर म्हणजे पिल्लांसाठी तयार अंथरूणच. मधोमध अर्धवर्तुळाकार कुरतडलेला भाग आणि बॅटरीच्या आडोशाला करड्या कापसाचा गोळा दिसला तर दुसरा पुरावा शोधण्याची गरज नाही.

झडले तर बिघडते काय

आगीबद्दल आधी बोलू, कारण भीती तिचीच असते. बॉनेटखालच्या आगी बहुतेक वेळा गळणारे इंधन किंवा तेल तापलेल्या भागावर पडल्याने, नाहीतर विजेच्या तारांतील दोषाने सुरू होतात. कंपनीचे धड अवस्थेतील अस्तर सहजी पेट घेणार नाही असेच बनवलेले असते, त्यामुळे ते आगीचे मूळ नसते. पण तेच अस्तर तेलाने माखले तर कंदिलाच्या वातीसारखे वागू शकते, आणि त्याचा सुटलेला तुकडा एक्झॉस्टवर किंवा टर्बोवर, म्हणजे जळालेल्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा भरणाऱ्या तापट भागावर, पडला तर धुमसू शकतो. ॲल्युमिनियमचा थर सुटून लोंबत असेल तर तिसरा धोका आहे : तो वीजवाहक असल्यामुळे बॅटरीच्या उघड्या टोकाला आणि पत्र्याला एकाच वेळी टेकला की शॉर्टसर्किट होते. असे लोंबणारे चंदेरी कापड दिसले तर ते त्याच दिवशी कापावे किंवा काढावे. त्यासाठी रविवारची वाट पाहू नये.

क्लिपा वितळून अस्तर आगीवर पडते आणि ती विझवते, असेही सांगितले जाते. त्या भरवशावर कोणी राहू नये. बॉनेटमधून धूर येताना दिसला तर गाडी कडेला घेऊन बंद करावी, सगळ्यांनी उतरून लांब जावे, १०१ किंवा ११२ क्रमांकावर फोन करावा आणि बॉनेट पूर्ण उघडू नये, कारण आत कोंडलेल्या आगीला त्यामुळे एकदम हवा मिळते.

आगीपेक्षा कितीतरी अधिक वेळा घडणारे नुकसान चुऱ्याचे असते आणि ते हळूहळू होते. चुरा इंजिनाच्या हवेच्या वाटेत ओढला जातो. एअर फिल्टर त्याला अडवतो, पण स्वतः लवकर तुंबतो. समोरच्या काचेच्या खाली, वायपरच्या जाळीआड एक पन्हळ असते, जिथून एसीसाठी बाहेरची हवा घेतली जाते आणि पावसाचे पाणी वाहून जाते. फोमचा चुरा आणि झाडाची पाने यांचा तिथे लगदा होतो, पाण्याची वाट बंद होते, आणि जुलैमध्ये पायाखालची मॅट ओली का होते याचा शोध मालक दाराच्या रबरात घेत बसतो. लोंबणारे कापड फिरत्या पट्ट्यात गुंतण्याचा धोका तर आहेच.

तारांवरच्या आवरणालाही इन्सुलेशनच म्हणतात, म्हणून एक खुलासा करतो. ते विजेसाठी असते. अस्तर खराब झालेल्या जुन्या गाडीत उष्णतेने किंवा उंदरांनी ते आवरणही तडकलेले असू शकते, आणि आगीच्या दृष्टीने ते अस्तरापेक्षा अधिक गंभीर आहे. बॉनेट उघडलेच आहे तर टॉर्च घेऊन तारांच्या वळणांवरही नजर फिरवावी आणि तांबे दिसले तर थेट ऑटो इलेक्ट्रिशियन गाठावा.

मग काढूनच टाकले तर?

माझे स्पष्ट मत असे आहे की अस्तर नसलेली गाडी चालते, सुटत आलेले अस्तर असलेली गाडी चालवू नये. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक छोट्या गाड्यांत, विशेषतः त्यांच्या सर्वांत स्वस्त आवृत्त्यांत, हे अस्तर कारखान्यातूनच नसते, आणि त्या वर्षानुवर्षे व्यवस्थित धावतात. त्यामुळे नवे मिळेपर्यंत महिनाभर रिकाम्या बॉनेटने गाडी चालवण्यात इंजिनाला काहीही धोका नाही.

यावर पहिला आक्षेप रंगाचा येतो. कारखान्यात पत्र्यावरचा रंग साधारण १४० अंशांच्या आसपास भाजून पक्का केलेला असतो, म्हणून अस्तर काढल्यावर तो महिन्याभरात सोलून येणार नाही. मात्र बॉनेट एकदा गॅरेजमध्ये रंगवलेले असेल तर तो रंग कितीतरी कमी तापमानाला वाळवलेला असतो. अशा गाडीला, आणि विदर्भात ४५ अंशांच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गडद रंगाच्या गाडीला, अस्तर परत बसवणे शहाणपणाचे आहे. डिझेल आणि टर्बो गाड्यांनाही मी तोच सल्ला देईन.

दुसरा आक्षेप खर्चाचा : गाडी १४ वर्षांची झाली, आता तिच्यावर खर्च कशाला? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असली तरी तपासणीत ती योग्य ठरली तर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते, आणि पुष्कळ घरांत गाडी तितकी टिकते. तरीही नवे अस्तर घ्यायचे नसेल तर घेऊ नये. जुने मात्र पूर्ण काढावे. त्याला तर काही खर्च येत नाही.

तिसरा प्रश्न टेपचा. गाभा घट्ट असेल, केवळ कापडाला बोटभर चीर असेल किंवा एखादी क्लिप निसटली असेल, तर दुरुस्ती जरूर करावी. नवी क्लिप किरकोळ किमतीत मिळते, आणि चिरेवर उष्णता सोसणारी ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावता येते. खोकी बांधायची टेप पहिल्याच उन्हात सुटते. फोमचा गाभा भुकटी होऊ लागला असेल तर मात्र कोणत्याही टेपचा उपयोग नाही, कारण ती ज्याला चिकटायची तेच उरलेले नसते.

बाजारातील चंदेरी शीटचे काय

दुकानांत तीन निरनिराळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. काळे, जड, डांबरासारखे किंवा रबरी शीट पत्र्याची थरथर कमी करते; उष्णता अडवणे हे तिचे काम नाही, तिचे वजन मात्र बॉनेटच्या बिजागरांवर येते, आणि स्वस्त डांबरी शीट उन्हात वास मारते व ओघळते. हवेचे फुगे असलेली चंदेरी शीट घराच्या पत्र्याखाली लावायला ठीक असते; तिचे फुगे साध्या प्लॅस्टिकचे असतात, ते इंजिनाच्या धगीने बसतात. तिसरी वस्तू म्हणजे बारीक बंद छिद्रांचा, इंजिनकक्षासाठीच बनवलेला फोम, वर ॲल्युमिनियम आणि मागे चिकट थर. घ्यायचीच असेल तर ही घ्यावी, आणि ती किती अंशांपर्यंत टिकते व आगीला कशी वागते याची माहिती वेष्टनावर छापलेली असेल तरच घ्यावी. माझी पहिली पसंती मात्र कंपनीच्या मूळ भागालाच आहे, कारण तो त्याच खळग्यांत, त्याच क्लिपांवर बसतो आणि गोंदावर अवलंबून राहत नाही. सोफ्याच्या फोमला लावतात तो गोंद तर इथे वापरूच नये. तो उष्णतेने मऊ होतो आणि संपूर्ण शीट एके दिवशी इंजिनावर उतरते.

काढताना घ्यायची काळजी

इंजिन पूर्ण थंड असावे. इंजिनावर जुनी चादर पसरावी, कारण पडणारा चुरा नंतर फटींतून वेचणे फार कठीण असते. मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. काचतंतूंमुळे अंगाला तासन्‌तास खाज सुटते आणि घशात खवखवते. कर्करोगाच्या संदर्भात मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात इन्सुलेशनच्या काचतंतूंना ‘वर्गीकरण करता येत नाही’ अशा गटात ठेवले आहे. ॲस्बेस्टॉसची गोष्ट वेगळी आहे. तो निश्चितपणे कर्करोगकारक आहे, आणि फार जुन्या विंटेज गाडीच्या अस्तरात तो असू शकतो. तशी शंका असेल तर ते कोरडे ओढू किंवा घासू नये आणि काम जाणकाराकडे सोपवावे.

उंदरांचा वावर दिसला तर झाडू मारू नये. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि हातावरची साधी खरचटही त्याला पुरते. जंतुनाशक मिसळलेले पाणी हलके फवारून, ओले झालेले अंथरूण हातमोज्यांनी उचलून पिशवीत बांधावे.

क्लिपेचे डोके चपट्या पेचकसाने किंवा क्लिप काढायच्या चिमट्याने हळू उचलावे. दहा-बारा वर्षांच्या क्लिपा तुटणारच, म्हणून नव्या आधी आणून ठेवाव्यात. फोम थेट पत्र्याला चिकटवलेला असेल तर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा, सुरीने रंगावर चरे पडतात आणि तिथूनच गंज धरतो. उरलेला गोंद विरघळवण्यासाठी रॉकेलसारखे काही वापरलेच, तर ते पुसून, पूर्ण सुकून वास जाईपर्यंत इंजिन चालू करू नये. माझ्या गाडीचा पत्रा मोकळा करायला अडीच तास लागले आणि वायपरच्या जाळीखालून निघालेला लगदा दोन मुठी भरला.

नवे बसवताना

जाड शीट लावली की बॉनेट नीट बसेल का, ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. घट्ट मळलेल्या कणकेचे लिंबाएवढे तीन-चार गोळे प्लॅस्टिकच्या पिशवीच्या तुकड्यांत गुंडाळून इंजिनाच्या सर्वांत उंच भागांवर, बॅटरीच्या टोकांजवळ आणि एअर फिल्टरच्या पेटीवर ठेवावेत, बॉनेट हलकेच मिटून पुन्हा उघडावे. चपट्या झालेल्या गोळ्याची जितकी जाडी उरली तितकीच तिथे मोकळी जागा आहे. शीट त्याहून निदान सेंटिमीटरभर पातळ असावी, कारण इंजिन चालताना हलते. एक्झॉस्ट आणि टर्बोच्या अगदी वरच्या भागात अधिक अंतर ठेवावे. बॉनेटच्या कडा, कुलूप, बिजागरे आणि पाणी निथळायची छिद्रे मोकळी सोडावीत.

चिकटवायची शीट असेल तर पत्रा साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, शक्यतो सकाळच्या उन्हात कोमट झाल्यावर लावावी आणि मध्यापासून कडांकडे दाबत जावे. पुढचे आठ दिवस रोज गाडी उभी केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बॉनेट उघडून कडांवरून तळहात फिरवावा. गोंद धरणार नसेल तर तो याच काळात, याच तापलेल्या मिनिटांत सुटू लागतो, आणि बहुधा एक्झॉस्टच्या वरचा कोपरा सर्वांत आधी उचलला जातो.